घंगाळातला रेडिओ

आमच्या नातीचं, उत्कर्षाचं लग्न झालं आणि रुखवतात तांब्याचा बंब ठेवायचा की नाही यावरून घरात दोन दिवस अबोला होता, ते वर्ष २०२३. बंब शेवटी ठेवला. तिच्या आजोबांनी तो स्वतः घडवला होता, मग नाही कोण म्हणणार? नारायण पेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत तो आता कुठे आहे, हे मी विचारलेलं नाही. लग्न जानेवारीत झालं. मी सांगते आहे ती गोष्ट पुढच्या महिन्यातली, तेरा फेब्रुवारीची.

आम्ही कसबा पेठेत तांबट आळीत राहतो. खाली कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक खोली, भट्टी आणि ह्यांची बसायची जागा. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, आणि तेही यमक जुळवायला.

आळीची आणखी एक पद्धत आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दिवसा आमच्याकडे हातोडे थांबत नाहीत. एक जण जेवायला उठला तरी दुसऱ्याचा चालू असतो. सगळे हातोडे एकदम थांबतात ते आळीत कोणी वारलं तरच. ज्याच्या शेजारी गेलं तो थांबतो, तो थांबलेला ऐकून पुढचा थांबतो, आणि दोन मिनिटांत शेवटच्या घरापर्यंत कळतं. निरोप द्यायला माणूस पाठवावा लागत नाही.

तांबटाचे कान जातात, हेही आळीत सगळ्यांना माहीत असतं. भांडं घडवून झालं की ते मठारायचं, म्हणजे लहान हातोड्याने शेजारी शेजारी सारखे ठोके देत त्याच्या सगळ्या अंगावर खवले उठवायचे. एका घंगाळाला असे हजारो ठोके बसतात, आणि ह्यांनी पंधराव्या वर्षी हातोडा धरला होता. "काय म्हणालीस?" हे आमच्या घरात इतकी वर्षं चालू होतं की मी त्याचा दोष बाहेरच्या आवाजाला देत होते. मग टाळेबंदी आली. भट्ट्या विझल्या, आळी गप्प झाली. शेजारच्या महिपतींच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायला लागल्या. अशा शांततेत मी एका दुपारी ह्यांना चहा हवा का विचारलं, तर हे म्हणाले, "काय म्हणालीस?" तेव्हा मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, डावा कान गेलाय, उजवा जातोय. तीन-चार वर्षं धरा. उत्कर्षाने पगारातून कानाचं मशीन आणून दिलं. ते हे डबीत ठेवायचे. म्हणायचे, "त्यात सगळ्यांचेच आवाज येतात. ज्यांचे नको आहेत त्यांचेही."

तेव्हापासून ह्यांचं बोलणं कमी झालं. पूर्वी जेवताना रेडिओवर ऐकलेलं सगळं मला सांगायचे. कुठे पूल झाला, कुठे वाघ शिरला, कोण हरलं. मी अडाणी, पण देशाची मला खडान्‌खडा माहिती असायची, ती ह्यांच्यामुळे. आता गप्प जेवायचे. एकदाच, ताटावरून उठता उठता म्हणाले, "सगळंच बंद झाल्यावर माणूस करतो काय गं?" आणि उत्तराला न थांबता हात धुवायला गेले.

माझ्यापाशी उत्तर होतं. त्याच टाळेबंदीत मी उत्कर्षाकडे अक्षरं शिकायला बसले होते. ती घरून काम करायची. कानात मीटिंग चालू असायची आणि एका हाताने माझा हात धरून 'ग' गिरवून घ्यायची. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. दोन वर्षांत मला पाटीवर मोठं, सरळ लिहिता यायला लागलं. ह्यांचे डोळे मोतीबिंदू काढल्यापासून चांगले होते. कान गेले तरी मी लिहीन, तुम्ही वाचा, आपलं बोलणं काही थांबत नाही, एवढंच मला सांगायचं होतं.

पण सांगायचं कसं? ह्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडायला लागतं, आणि आमच्या आळीत ओरडलेलं पार कोपऱ्यापर्यंत जातं. मीठ कमी आहे, हे ओरडून सांगता येतं. असली गोष्ट ओरडून सांगता येत नाही. एकदा कागदावर लिहून दिलं. ह्यांना माझं शिकणं म्हणजे म्हातारपणीची हौस वाटायची. "छान आहे अक्षर," म्हणाले आणि न वाचताच कागद खिशात घातला. तो पुढे धुण्यात गेला.

ह्यांचा विश्वास रेडिओवर. रेडिओने सांगितल्याशिवाय ह्यांना थंडीसुद्धा वाजायची नाही. कान जायला लागल्यावर ह्यांनी त्याची एक युक्ती काढली होती. स्वतः घडवलेलं मोठं घंगाळ आडवं करायचं, त्यात रेडिओ पूर्ण आवाजात लावून ठेवायचा आणि उजव्या कानामागचं हाड घंगाळाच्या काठाला टेकवायचं. म्हणायचे, तांब्यातून आवाज हाडात उतरतो. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा घंगाळात डोकं घालून बसलाय. आवाज एवढा मोठा, पण बाहेर हातोडे चालू असल्याने आळीला त्रास नव्हता. फक्त जवळच हातोडा जोरात चालू असला की तोही घंगाळात शिरायचा आणि मग शब्द कळायचे नाहीत.

त्या वर्षी रेडिओवरच जाहीर झालं की तेरा फेब्रुवारीला, रेडिओच्या दिवशी, दिल्लीहून सकाळी सहा ते रात्री दहा साऱ्या देशासाठी एकच प्रसारण होईल. दर तासाला वेगळा कार्यक्रम आणि मधे मधे श्रोत्यांची पत्रं. पत्र कुठल्याही भाषेत चालेल. मी तीन दुपारी खर्चून एक पत्र लिहिलं, उत्कर्षाने वर पत्ता घातला, आपला फोन नंबर घातला आणि टाकलं. आठवड्याने तिचा फोन आला.

"आजी! तुझं लेटर सिलेक्ट झालंय!"

"किती वाजता?"

"ते नाही सांगत ते. दिवसभरात कधीही. अगं पण आजी, तू ना टोटल ग्रेट आहेस. आळीला कळू नये म्हणून तू डायरेक्ट देशाला सांगतेस?"

"देश कुठे आमच्या ओट्यावर येऊन बसतो?" मी म्हटलं.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे सहा वाजल्यापासून आळीला बोलावून बसले असते. आणि पत्र त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. तो कान अजून थोडा शिल्लक होता.

तेरा तारखेला हे पाचला उठून, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून घंगाळापाशी बसले. सहाला भजन झालं, मग बातम्या, मग संस्कृतातल्या बातम्या. ह्यांना संस्कृतातलं काही कळत नाही, पण बातम्या त्याच असतात म्हणून चालतं. मग पंजाबचा एक शेतकरी गव्हाबद्दल बोलला. आसामच्या बायकांनी मागावरची गाणी म्हटली. मग केरळच्या किनाऱ्यावरून कोळ्यांसाठी समुद्राचं हवामान सांगितलं. तेवढ्यात महिपती दारावरून चालले होते. ह्यांनी डोकं वर काढून त्यांना हाक मारली.

"महिपती, आज समुद्रात जाऊ नका. लाटा मोठ्या आहेत."

"बरं झालं सांगितलंत अण्णा," महिपती ओरडून म्हणाले. "मी मंडईपर्यंतच निघालो होतो."

हे हसले. खूप दिवसांनी मी ह्यांना हसताना बघितलं. मला वाटलं, दिवस चांगला जाणार.

मधे मधे पत्रं येत होती. लडाखच्या जवानाचं आलं. भिलाईच्या एका मुलीचं आलं. बिहारमधल्या एका न्हाव्याचं आलं, तर हे मुद्दाम मला बोलावून म्हणाले, "ऐक, त्याच्या दुकानातला रेडिओ बंद पडला की गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने उठून जातं." मी ऐकून घेत होते आणि प्रत्येक पत्राला माझ्या हातातलं काम थांबत होतं. दहा वाजले, अकरा वाजले. एका प्राध्यापकाने देवमासे समुद्रात एकमेकांशी कसे बोलतात ते सांगितलं. हॉकीच्या जुन्या सामन्याचं वर्णन झालं. ह्यांना निकाल माहीत होता, तरी शेवटी हात चोळत बसले होते.

जेवण झाल्यावर ह्यांनी पिशवी उचलली. जेवल्यावर मंडईत चक्कर मारायची ह्यांची चाळीस वर्षांची सवय. रेडिओचा दिवस झाला तरी पाय ऐकतात थोडेच?

"कुठे निघालात?" मी पिशवी धरली.

"भाजी आणतो."

"भाजी आहे!" मी ओरडले.

"कुठली?"

"कालची!"

"कालची भाजी तू मला आजपर्यंत घातली नाहीस," हे माझ्याकडे बघत म्हणाले. "बरं नाही का वाटत तुला?"

"आता शास्त्रीय गाणं आहे, ते चुकेल!" मी म्हटलं. हे बसले. पण मधूनमधून माझ्याकडे संशयाने बघत होते.

साडेतीनच्या सुमाराला मी दारात तांदूळ निवडत होते. शिवरात्र पाच दिवसांवर आली होती. प्रत्येक कारखान्यात अभिषेकपात्रांची घाई होती आणि सगळे हातोडे जोरात होते. महिपतींचा तर आमच्या भिंतीला लागूनच. त्यात कोपऱ्यावर वैजनाथचं प्रेस मशीन. वैजनाथने दारावर पाटी लावली आहे, 'येथे आवाज होतो. होणारच.' रेडिओवर गाणं संपलं आणि निवेदिका हिंदीत म्हणाली की आता सनई ऐका, आणि सनईनंतर महाराष्ट्रातून, पुण्याच्या कसबा पेठेतून आलेलं एक पत्र, आधी मराठीत आणि मग हिंदीत.

माझ्या हातातलं सूप खाली आलं.

ह्यांनी 'पुणे' तेवढं पकडलं होतं. "अगं, पुण्याचं पत्र आहे!" हे ओरडले आणि कान काठाला घट्ट दाबला. मग तोंड वाकडं करून घंगाळावर थाप मारली. "छे! काही कळत नाही. नुसते ठोके येताहेत!"

सनई सुरू झाली होती. मी उभी राहिले. हातोडे चालू राहिले तर हे ऐकणार नाहीत. हातोडे थांबवले तर सगळी आळी ऐकेल, आणि जे मी चार भिंतींत ओरडू शकले नाही ते चव्हाट्यावर येईल. विचार करायला सनई होती तेवढाच वेळ होता. मी तांदूळ ओलांडून, पायात चपला न घालता, महिपतींच्या दारात गेले.

"भावजी, थांबा!" एवढंच मी म्हटलं. धाप लागली होती. हाताने आमच्या घराकडे दाखवलं. "हातोडा थांबवा. ह्यांना..."

महिपतींनी माझ्या पायांकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हातोडा हळूच खाली ठेवला. मी पुढे पळाले. मला पुढच्यांना सांगावं लागलंच नाही. मी पोचायच्या आधीच एकेक हातोडा थांबत होता. मला त्या गडबडीत वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत.

राहिला वैजनाथ. मशीनपुढे त्याला आळी थांबलेली कळत नव्हती. मी आत जाऊन त्याचा दंड धरला.

"मशीन बंद कर!"

"काकू, शुक्रवारी माल द्यायचाय!"

"पाच मिनिटं!"

"पाटी वाचली नाही का?"

"वाचली! आता मला वाचता येतं! बंद कर!"

त्याने बटण दाबलं. मशीन घरघरत, थबकत बंद व्हायला अर्धं मिनिट गेलं. मग वैजनाथने मान तिरकी करून बाहेर कानोसा घेतला. एकही हातोडा नाही. त्याचा चेहरा बदलला. "काकू," तो हळू आवाजात म्हणाला, "अण्णा?"

मला त्याचं म्हणणं तेव्हा कळलं नाही. मी "चल, जाते" म्हणून वळले. गुडघे आता पळू देत नव्हते. लांबून रेडिओचा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते. आमच्या दारापाशी आले तर तिथे सगळी आळी उभी. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. बायकांनी पदर तोंडाला लावले होते. कोणी हलत नव्हतं. महिपतींच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी ती आळी चौपन्न वर्षं बघत आले होते. हातोडे थांबले, दारात माणसं उभी, टोप्या हातात. ह्याचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता. मी मनात म्हटलं, एवढ्यात? मी तर आत्ता इथून गेले.

गर्दीने वाट करून दिली. मी उंबऱ्याला धरून आत बघितलं.

हे घंगाळात डोकं घालून बसले होते. जिवंत. एक हात वर करून सगळ्यांना गप्प राहायची खूण करत होते. आणि घंगाळातून ती दिल्लीची बाई स्वच्छ आवाजात म्हणत होती, "...ये थीं पुणे से मुक्ताई।"

मग पुन्हा सनई.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. महिपतींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही अनवाणी आलात, मला वाटलं अण्णा गेले. म्हणून मी हातोडा ठेवला. आलो तर हे घंगाळात, आणि तुमचं पत्र चालू. मग हलता येईना."

"सगळं ऐकलंत?"

"दोन्ही भाषांत," ते म्हणाले.

मागून वैजनाथचा आवाज आला. "अण्णा असतील तर मी मशीन चालू करतो. माल शुक्रवारीच द्यायचाय." लोक हसले, टोप्या डोक्यावर गेल्या, आणि एकेक जण कामाला लागला. जाताना महिपतींची बायको माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. मला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

हातोडे सुरू झाल्यावर हे डोकं वर काढून माझ्याकडे बघत राहिले. काठाचा वळ कानामागे उमटला होता.

"तू होतीस कुठे?"

"वैजनाथकडे! मशीन बंद करायला!"

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस?"

मी मान हलवली. मग हे पूर्वी जेवताना सांगायचे तसं, एकेक करून सांगायला लागले. "ती म्हणाली, कसबा पेठेच्या मुक्ताई लिहितात. माझ्या यजमानांचं नाव सीताराम. त्यांनी साठ वर्षं तांबं घडवलं. त्यात त्यांचे कान गेले. मला वाचता येत नव्हतं तेव्हा त्यांनी रोज रेडिओ ऐकून मला देश सांगितला. आता मी लिहायला शिकले आहे. सीताराम, तुमचे कान बंद झाले तर मी पाटीवर लिहीन. मला हळू लिहिता येतं, पण मला कुठे जायचं नाही. घाबरू नका."

बाहेर महिपतींचा ठोका पडत होता. ह्यांनी सदऱ्याच्या बाहीने घंगाळाचा काठ उगाच पुसला.

"नाव घेतलंस माझं," हे म्हणाले. "दोनदा. साऱ्या देशात."

"मी कुठे घेतलं! मी लिहिलं! घेतलं त्या बाईने!"

"शुद्धलेखन ऐकू येत नाही, ते एक बरं," हे म्हणाले. मग उठून खुंटीवरची माझी पाटी काढली, पेन्सिल शोधली आणि दोन्ही माझ्या पुढ्यात ठेवून समोर बसले. "हं. लिही."

"काय लिहू?"

"मी ऐकत नाहीये. लिही."

आयत्या वेळी मला काहीच सुचेना. हेच म्हणाले, "रात्री भाजी कुठली?"

मी सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कालची.'

ह्यांनी चष्मा न लावता ते वाचलं आणि इतक्या जोरात हसले की महिपतींनी भिंतीपलीकडून विचारलं, आता काय झालं. रात्री हे भाताबरोबर कालचीच भाजी जेवले आणि देवमाशांपासून सगळा दिवस मला पुन्हा सांगितला.

त्या दिवाळीपर्यंत ह्यांचा उजवा कानही गेला. मग रेडिओ मी ऐकायचे आणि पाटीवर लिहायचे. कुठे पूल झाला, कोण हरलं. बातम्या पंधरा मिनिटांच्या असायच्या, मला लिहायला तास लागायचा. हे शेजारी बसून वाट बघायचे आणि माझ्या चुका बोटाने पुसून दुरुस्त करायचे. घंगाळ आम्ही विकलं नाही. रेडिओ त्यातच ठेवतो, सवयीने.

माझे यजमान सीताराम ११ नोव्हेंबर २०२४ रोजी, सोमवारी दुपारी, घरीच वारले. त्या दिवशी हातोडे थांबवायला मला जावं लागलं नाही.